सहल, पाळणा आणि मोत्याचं नाक

माळ्यावरची बॅग खाली आली की सहलीचा बेत घरात सर्वांत आधी कळतो तो कुत्र्याला. हॉटेलचं बुकिंग कुणी करायचं, पुढच्या सीटवर कोण बसणार, आजी येणार की नाही, यावर माणसांचं अजून एकमत व्हायचं असतं. मोत्या मात्र तोवर बॅगेत जाऊन बसलेला असतो, तेही नेमका इस्त्रीच्या कपड्यांवर. (मोत्या हे नाव इथे तमाम पाळीव कुत्र्यांच्या वतीने घेतलं आहे. हल्ली घरोघरी ब्रूनो, सिंबा आणि कोको असतात, पण लेखाला जुनं नाव बरं.)

त्याला हे कळतं कसं, तर तो आपल्यावर लक्ष ठेवून असतो. दिवसभर त्याला दुसरं काम नसतं. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला खाणं आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनं पाणी सुटायचं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मोत्याच्या बाबतीत ही चाहूल म्हणजे बॅगेची चेन, गाडीची किल्ली आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्याचा वास. या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी घडल्या की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. काही घरांत त्याच्यासमोर ‘फिरायला’ हा शब्द उच्चारायची बंदी असते आणि मोठी माणसं ‘फेरफटका’, ‘राउंड’ अशा सांकेतिक भाषेत बोलतात. हा खटाटोप आठवडाभर चालतो, मग त्याला ‘राउंड’ही कळायला लागतं. जर्मनीतल्या रिको नावाच्या बॉर्डर कॉलीला 200 वस्तूंची नावं येत होती, असं 2004 साली शास्त्रज्ञांनी तपासून प्रसिद्ध केलं. पुढे अमेरिकेतल्या चेसर या कुत्रीनं 1,022 खेळण्यांची नावं पाठ करून त्याच्यावर कडी केली. आपला मोत्या इतका हुशार नसेल, पण त्याला शिकायचे शब्दही चारपाचच आहेत, आणि ते सगळे त्याच्या जिव्हाळ्याचे.

शब्दांइतकाच तो आवाजाचा सूरही ऐकतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं (हे ज्यांनी शिकवलं त्यांना खरं तर वेगळं पारितोषिक द्यायला हवं) आणि 2016 साली दाखवून दिलं, की कौतुकाचे शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच कुत्र्याच्या मेंदूतलं सुखाचं केंद्र जागं होतं. नुसत्या लाडिक सुरात काहीबाही बोलून किंवा कोरड्या आवाजात ‘शाब्बास’ म्हणून ते होत नाही. तेव्हा ‘मोत्या, शहाणा ना तू, घर सांभाळायचं हं’ हे कितीही गोड सुरात म्हटलं, तरी फसवणूक चालू आहे हे त्याला समजतं असं मानून चालावं.

समजा, त्याला नेलं. पुण्याहून निघालो, ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे दिवेआगरला जायचं आहे. या प्रवासाबद्दल घरच्यांचं आणि मोत्याचं मत पहिल्या वळणापासून वेगळं असतं. घाटात तो जांभई देतो. मागून कुणीतरी म्हणतं, ‘बघ, झोप आली बिचाऱ्याला.’ तो ओठ चाटतो. ‘भूक लागली असेल, बिस्किट दे गं त्याला.’ पुढच्या दोन वळणांत ते बिस्किट, सकाळची पोळी आणि कालचं बरंच काही धाकट्याच्या मांडीवर येतं.

कुत्र्यालाही गाडी लागते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत असते की आपण डावीउजवीकडे हेलकावतोय, आणि डोळ्यांसमोर असते सीटची न हलणारी पाठ. दोन साक्षीदारांचं जुळत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला होते. पिल्लांमध्ये ही यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. बरीचशी पिल्लं मोठी झाली की त्यातून सुटतात. जांभया, ओठ चाटणं, लाळ गळणं, बारीक आवाजात कुंईकुंई करणं ही सगळी उलटीच्या आधीची सूचना असते. काही कुत्र्यांच्या बाबतीत दोष घाटाचा नसतोच. त्यांनी आयुष्यात गाडीतून जे चार प्रवास केले ते सगळे इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांकडे संपले, म्हणून गाडी सुरू झाली की त्यांचं पोट ढवळतं. अशा कुत्र्याला आधी जवळच्या मैदानापर्यंत वगैरे नेऊन गाडीची सवय लावावी लागते. निघण्याआधी काही तास पोट रिकामं ठेवणं, खिडकी थोडी उघडी ठेवणं, मध्ये थांबणं याचा उपयोग होतो. जनावरांचे डॉक्टर यावर चांगलं औषधही देतात. माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा घरगुती प्रयोग मात्र करू नये.

घाटमाथ्यावर गाडी थांबते. सगळे धबधब्याकडे बघतात आणि मोत्यालाही कडेवर घेऊन दाखवतात. त्याच्या दृष्टीनं यात काही अर्थ नाही. आपल्याला 75 फुटांवरून जे स्पष्ट दिसतं ते स्पष्ट दिसायला कुत्र्याला साधारण 20 फुटांवर यावं लागतं, म्हणजे दरीपलीकडचा डोंगर त्याला नुसता धूसर. रंगांतले निळा आणि पिवळा त्याला नीट कळतात. लाल आणि हिरव्यात फरक करता येत नाही. मे महिन्यात फुललेला गुलमोहर त्याच्या लेखी मळकट पिवळसर-तपकिरी झाड, आणि झाड म्हटलं की त्याचा उपयोग काय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो दरीकडे पाठ करून थांब्यावरच्या लोखंडी खांबाचा तळ हुंगत बसतो. फोटोत सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि त्याची शेपटी कॅमेऱ्याकडे. खरी सहल त्या क्षणी तोच करत असतो.

वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात पन्नाससाठ लाख. कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे 20 ते 30 कोटी. तो हुंगतो तेव्हा आत आलेल्या हवेचा एक प्रवाह थेट वासाच्या भागाकडे वळतो आणि उरलेला फुप्फुसांकडे जातो. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. सेकंदाला पाचेक वेळा तो असं हुंगू शकतो. त्या खांबापाशी आधी कोण येऊन गेलं, नर की मादी, किती वेळापूर्वी, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि आपण ‘चल रे, घाण आहे ती’ म्हणून पट्टा ओढतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं एका सहकारी संशोधिकेबरोबर 2019 साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायचा खेळ दिला, काहींना मालकाच्या पायाला पाय लावून शिस्तीत चालायला शिकवलं. नंतरच्या चाचणीत हुंगणारी कुत्री जास्त आशावादी निघाली: या वाडग्यात खाऊ असेल की नसेल अशी शंकेची जागा आली, तर ती उत्साहानं धावत गेली. तेव्हा कुत्र्याला फिरवण्याचा हिशेब किलोमीटरमध्ये करणारे आणि घड्याळात पावलं मोजणारे मालक स्वतःचा व्यायाम करत असतात, एवढंच.

मोत्या उत्तर म्हणून स्वतःही काही लिहून ठेवतो. त्यातही लबाडी असते. कॉर्नेल विद्यापीठात नर कुत्र्यांच्या तंगडी वर करण्याचा कोन मोजला गेला. छोट्या चणीची कुत्री आपल्या मानानं तंगडी जास्त वर नेतात, म्हणजे खूण उंचावर उमटते आणि मागून येणाऱ्याला वाटतं, इथून कुणी दांडगा गेला. दुसरा विधी उरकण्यापूर्वी तो जागेवर गोल गोल फिरतो, आपण मुकाट पिशवी घेऊन उभे. चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 70 कुत्र्यांच्या अशा बैठकांची दोन वर्षं नोंद केली आणि निष्कर्ष काढला, की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणं पसंत करतात. या संशोधनाला 2014 सालचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात. मी विचार करण्यापर्यंत अजून पोचलेलो नाही.

दिवेआगरला पोचल्यावर समुद्राचं कौतुक माणसांना. मोत्याला सुरूच्या बनापलीकडे कुठेतरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास लागलेला असतो. वाळूत एखादा मेलेला मासा सापडला तर त्याच्या सहलीचं सोनं झालं. आधी तो मान एका बाजूला टेकवतो, मग खांदा, मग चारी पाय वर करून पाठ घासून घेतो. चेहऱ्यावर जे समाधान असतं ते घरच्या महागड्या शाम्पूनं कधी आलेलं नसतं. असं का करतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. शिकारीच्या वेळी स्वतःचा वास लपवण्यासाठी असं काही म्हणतात, कळपाला ‘बघा, मला काय सापडलं’ हे कळवण्यासाठी असं दुसरे म्हणतात. परतीच्या प्रवासात गाडीत बसलेल्या कळपाला ते व्यवस्थित कळतं. मोत्या समुद्राचं पाणी पिणार नाही एवढं मात्र बघावं आणि गोडं पाणी सोबत ठेवावं. खाऱ्या पाण्यानं जुलाब होतात, जास्त प्यायला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

जिवावर बेतणारी आणखी एक गोष्ट गंभीरपणेच सांगायला हवी. जेवायला खानावळीत कुत्रं चालत नाही, म्हणून त्याला ‘फक्त वीस मिनिटं’ गाडीत ठेवलं जातं. अमेरिकेत 2005 साली झालेल्या मोजणीत उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सियसनं वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीर थंड ठेवतो, आणि आतली हवाच तापली की तो मार्ग बंद होतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर सावलीतही त्रास होतो. खानावळीबाहेर झाडाखाली एकानं त्याला धरून बसावं आणि मग पाळी बदलावी. मोदक थोडे गार झाले तर चालतात.

आता ज्या सहलीला त्याला नेत नाहीत तिच्याकडे वळू. सगळे सिनेमाला गेले आहेत आणि मोत्या घरी. त्याला वेळ कळतो का? स्वीडनमधल्या एका अभ्यासात मालक अर्ध्या तासानं, दोन तासांनी आणि चार तासांनी परत आले. अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत कितीतरी जोरदार झालं. पण दोन आणि चार तासांच्या स्वागतात फरक पडला नाही. म्हणजे मध्यांतरात उठून घरी येण्यात काही फायदा नाही, पूर्ण सिनेमा बघून यावं. आल्यावर सोफ्याची उशी फाटलेली असते आणि मोत्या कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात. ‘बघा, याला कळतंय यानं काय केलंय!’ होरोविट्झबाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. अपराधी चेहऱ्याचा संबंध कुत्र्यानं गुन्हा केला की नाही याच्याशी नव्हता, मालक रागावला की नाही याच्याशी होता. उलट काहीही न केलेल्या आणि तरी बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. घरातल्या धाकट्या भावंडांना हे संशोधनाशिवाय माहीत असतं.

मोत्याच्या आयुष्यातली सगळ्यांत लांबलेली सहल वेगळीच असते, आणि ती आपल्याकडे जशी घडते तशी इतरत्र फारशी घडत नाही. त्याची लाडकी मालकीण सातव्या महिन्यात ओटी भरून घेते आणि बॅग घेऊन माहेरी जाते. बॅग निघाली, किल्ली निघाली, पण पट्टा निघाला नाही. पुढे कित्येक महिने ती येतच नाही. आणि येते तेव्हा कपड्यांना वेखंडाचा वास, केसांना बाळंतशेपा आणि ओव्याच्या धुरीचा, अंगाला दुधाचा, आणि हातात दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी, जे हलतं आणि किंचाळतं. ते काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही. तो हुंगायला पुढे येतो, तोच सगळं घर एका सुरात ओरडतं, ‘ए, लांब हो!’ बाळाशी त्याची पहिली ओळख म्हणजे ही आरडाओरड. तो वास आणि तो दरारा त्याच्या डोक्यात एकत्र बसतो, बॅग आणि सहल बसली होती त्याच पद्धतीनं.

आपण याला मत्सर म्हणतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कॅलिफोर्नियात 2014 साली झालेल्या एका प्रयोगात मालकांनी आपल्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करून भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड केले. खऱ्या कुत्र्यांनी मध्ये तोंड घातलं, मालकाला ढकललं, काहींनी खेळण्यावर दात विचकले. मालक पुस्तक मोठ्यानं वाचत बसला तेव्हा त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. पण बाळाच्या बाबतीत मला मत्सरापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: त्याच्या दिवसाची घडी विस्कटलेली असते. सकाळी सहाचं फिरणं नऊला जातं, रात्री दिवे चालू-बंद होत राहतात, पलंगावरची जागा गेलेली असते. शिवाय लाडाचा आवाजही गेला. ऑस्ट्रेलियात आयांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून 2002 साली दाखवण्यात आलं, की बाळाशी आणि पाळीव प्राण्याशी त्या सारख्याच उंच, मायेच्या पट्टीत बोलतात. फरक एकच, बाळाशी बोलताना त्या स्वर मुद्दाम स्पष्ट उच्चारतात, जणू भाषा शिकवतात. प्राण्याशी बोलताना ती तसदी घेत नाहीत. मोत्याला हे बारकावे कळायचं कारण नाही. ‘कोण आलं गं, कोण आलं, माझं शोनुलं आलं!’ ऐकून तो शेपटी हलवत धावत येतो, कारण तीन वर्षं शोनुलं तोच होता.

रडणं हा वेगळा विषय. न्यूझीलंडमध्ये माणसांना आणि कुत्र्यांना बाळाच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं, तेव्हा दोघांच्याही लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलं. रात्री दोनला पाळण्याभोवती येरझाऱ्या घालणारा मोत्या तुमच्याइतकाच हैराण असतो, आणि त्याला अंगाई येत नाही.

यावर करायच्या गोष्टी अवघड नाहीत, फक्त बाळ घरी यायच्या आधी करायच्या. फिरण्याची वेळ आणि झोपायची जागा महिनाभर आधीच बदलावी, म्हणजे बदलाचं खापर बाळावर फुटत नाही. माहेराहून कुणी येणार असेल तर बाळाचं वापरलेलं दुपटं किंवा कुंची मागवून घ्यावी आणि मोत्याला आरामात हुंगू द्यावी. पहिल्या भेटीआधी त्याला दमेस्तोवर फिरवून आणावं, पट्टा सैल धरावा, आणि बाळ समोर असताना त्याच्या वाट्याला काहीतरी चांगलं यावं. आजी म्हणणारच, ‘अगं, त्याला जवळ येऊ देऊ नकोस, केस जातील बाळाच्या नाकात.’ तिला ‘आई, मी इथेच बसलेय’ असं सांगावं आणि खरोखरच तिथेच बसावं. बाळ आणि कुत्रं यांना एका खोलीत एकटं ठेवायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

बाळ पाळण्यात असेपर्यंत मोत्याचं त्याच्याबद्दल फारसं मत नसतं. आवाज करणारं गाठोडं, विषय संपला. खरी गडबड रांगण्यापासून सुरू होते. आता ते त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतं, त्याच्याकडे टक लावून बघतं (कुत्र्यांच्या जगात हे उद्धटपणाचं लक्षण), शेपटी पकडतं आणि वाडग्यात हात घालतं. मोत्या आधी मान फिरवतो, मग ओठ चाटतो, उठून दुसरीकडे जातो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं आणि शेवटी तो गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला फटका मारणं ही सर्वांत वाईट चाल. पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट दात लावतो. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासांत दिसलंय, की अगदी लहान मुलांना दात दाखवणारं कुत्रं हसतंय असं वाटतं. म्हणून मोत्याचा चेहरा वाचणं हे मोठ्यांचं काम. एक कोपरा असा हवा, जिथे बाळाला मज्जाव आणि मोत्याला मोकळीक.

याच सुमारास उष्टावण होतं आणि मोत्याचं मत एका दिवसात फिरतं. नाचणीचं सत्त्व, पेज, तूप-मीठ-भात. त्यातला निम्मा भात बाळाच्या तोंडात, उरलेला उंच खुर्चीखाली. आजवर आपण ज्याला ओझं समजत होतो ते वरून अन्न टाकणारं यंत्र आहे हा शोध त्याला लागतो. यानंतर तो बाळाला क्षणभर सोडत नाही आणि घरचे म्हणतात, बघा, कसं प्रेम जडलंय. तो बाळाचं तोंड चाटतो त्यातही भाताचा वाटा मोठा. शिवाय पिल्लं आईच्या तोंडाला चाटून खाणं मागतात ती सवयही आहे. इथे एक धोका ध्यानात ठेवावा. मनुका, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि बाळंतिणीच्या घरात बेदाणे घातलेले डिंकाचे लाडू, बाळासाठी भिजवलेल्या मनुका हमखास हाताशी असतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको.

आजीच्या ‘केस जातील बाळाच्या नाकात’ या मुद्द्याला फिनलंडमधून उत्तर मिळतं. कुओपिओ भागातल्या 397 बाळांच्या पहिल्या वर्षाची नोंद 2012 साली प्रसिद्ध झाली. घरात कुत्रं असलेल्या बाळांना श्वसनाचे आणि कानाचे संसर्ग कमी झाले होते. दिवसाचा बराच वेळ घराबाहेर घालवणाऱ्या कुत्र्यांच्या घरांत फरक अधिक दिसला, म्हणजे चिखलाचे पाय घेऊन येणारा मोत्या कदाचित उपकारच करत असावा. हा निव्वळ संबंध आहे, कुत्रं हे औषध आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि जंताचं औषध, रेबीजची लस वेळेवर हवीच. तरीही आजीला सांगायला हा अभ्यास उपयोगी पडतो. ती म्हणेल, ‘फिनलंडात असेल.’

वर्षाच्या आत कुलदैवताला जायचं ठरतं, या वेळी रेल्वेनं. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर रेल्वे भाडं घेत नाही. मोत्याला मात्र पार्सल कार्यालयात नेऊन, सामान म्हणून बुकिंग करून, वजनाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यावी लागते, सोबत डॉक्टरांचा दाखला. एसी फर्स्ट क्लासचं आख्खं कूपे किंवा केबिन घरच्यांनी घेतलं तर तो त्यांच्यासोबत बसतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्यांसाठीची पेटी. घरात आधी आलेला तो, पावती फाडायची त्याची, आणि कालपरवा आलेलं गाठोडं फुकट.